शिवण, उखळ आणि बांधणी : न हलणारे सांधे कसे ओळखावे, कसे जपावे

गेल्या पावसाळ्यात एक मासे विकणारी मावशी माझ्याकडे आली, तेव्हा तिचा घोटा तीन आठवडे चोळून झाला होता. डोक्यावर पाटी घेऊन पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, उतरताना जांभ्याच्या दोन चिऱ्यांमध्ये पाऊल अडकलं, पाऊल तिथंच राहिलं आणि अंग फिरलं. घरच्यांनी साधी मुरगळ समजून रोज सकाळ-संध्याकाळ कोमट खोबरेल लावलं, वर आंबेहळदीचा लेप दिला. सूज मात्र घोट्याच्या हाडाखाली नव्हती, त्याच्या वर नडगीच्या बाजूला होती. मी तिची पोटरी मधोमध दोन्ही बाजूंनी हळूच दाबली. हात पोटरीवर होता आणि कळ आली खाली घोट्यात.

"मगे चोळूक नको?" तिनं विचारलं.

नको. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांना हातपाय हलवायला लावणं हेच माझं रोजचं काम. तरीही शरीरात असे काही सांधे आहेत की दुखावल्यावर त्यांना हलवणं आणि चोळणं म्हणजे इजा वाढवणं. ते सांधे कुठे आहेत, बोटानं कसे तपासायचे आणि प्रसंग आला तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी ओळख करून घ्या

गुडघा, खांदा, बोटांची पेरं या सांध्यांत दोन हाडांमध्ये एक छोटी पोकळी असते आणि तिच्यात वंगणासारखा द्रव असतो, म्हणून ते सहज फिरतात. न हलणाऱ्या, म्हणजेच तंतुमय सांध्यात पोकळीच नसते. एका हाडातून निघालेले चिवट तंतू थेट दुसऱ्या हाडात रुतलेले असतात. हे तंतू कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. हाडं धरून ठेवणं हेच या सांध्यांचं काम, आणि ते करताना अगदी केसभर लवचीकपणा देणं हीच त्यांची हुशारी.

हे सांधे तीन तऱ्हांचे. कवटीच्या हाडांमधल्या शिवणी, जबड्याच्या खाचेत बसलेले दात, आणि हात-पायांतल्या दोन लांब हाडांना एकत्र बांधणाऱ्या पट्ट्या. आपल्याकडे ही ओळख नवी नाही. सुश्रुतसंहितेत सांध्यांचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यात कवटीच्या सांध्यांना 'तुन्नसेवनी' म्हटलं आहे, म्हणजे रफू केल्यासारखी शिवण, आणि दातांचा सांधा 'उलूखल' प्रकारात घातला आहे. उलूखल म्हणजे आपलं उखळ. दात काढल्यावर उरलेला खळगा ज्यानं पाहिला आहे त्याला हे नाव किती नेमकं आहे ते कळेल.

शिवणीचं काम समजायचं असेल तर आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या शिवलेल्या होड्या आठवा. फळीच्या कडेला भोकं पाडायची, सुंभानं फळीला फळी शिवायची, टाक्यांखाली काथ्या ठासायचा. या पद्धतीनं गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. शिवलेली होडी लाटेबरोबर किंचित लवते, म्हणून तिच्या फळ्या फुटत नाहीत. बाळाची कवटी जन्माच्या वेळी हेच करते. हाडं एकमेकांवर थोडी सरकतात, डोकं निमुळतं होतं आणि बाहेर येतं. नंतर काही दिवसांत आकार आपोआप सुधारतो, त्यासाठी कोणी डोकं दाबायची गरज नसते.

टाळू : बोट कसं लावायचं

जन्मतः कवटीत हाडांच्या कोपऱ्यांवर सहा मऊ जागा असतात. घरच्यांच्या हाताला त्यातल्या दोनच लागतात. पुढची, कपाळाच्या वर, शंकरपाळ्याच्या आकाराची. मागची, छोटी त्रिकोणी, बोटाच्या टोकाएवढी. मागची साधारण दोन-तीन महिन्यांत भरते. पुढची बहुतेक बाळांत ९ ते १८ महिन्यांच्या दरम्यान, काहींत दोन वर्षांपर्यंत.

तपासायची वेळ निवडा. बाळ रडत असेल, दूध ओढत असेल किंवा आडवं असेल तर टाळू वर आल्यासारखी लागते आणि उगाच धास्ती बसते. बाळ शांत असताना त्याला मांडीवर ताठ धरा, मानेला आधार द्या. नखं कापलेली असू द्यात. मधल्या दोन बोटांचा मऊ भाग कपाळावरून केसांकडे अलगद सरकवत न्या. हाड संपून मऊ जागा सुरू झाली की थांबा, दाब देऊ नका. आजूबाजूच्या हाडाशी जवळजवळ सपाट किंवा किंचित खोलगट लागली तर ठीक. 'टाळू उडते' म्हणून अनेक आया घाबरतात. ते ठोके रक्तवाहिन्यांचे असतात, त्यात काळजीचं काही नाही. त्या जागी चिवट पडदा असतो, हलक्या हातानं आंघोळ घातल्यानं त्याला काही होत नाही.

आता काळजीच्या खुणा. शांत, ताठ धरलेल्या बाळाची टाळू फुगून टणक लागत असेल आणि सोबत ताप, उलट्या, झोपाळूपणा किंवा वेगळंच किंचाळून रडणं असेल तर सकाळची वाट पाहू नका. मेंदूच्या आवरणाला सूज आल्याचं ते लक्षण असू शकतं. १०८ ला फोन करा आणि बालरोगतज्ज्ञ असलेलं रुग्णालय गाठा. उलट टाळू खोल गेली, तोंड कोरडं पडलं, रडताना डोळ्यांत पाणी नाही आणि लघवी कमी झाली, तर बाळाच्या अंगातलं पाणी कमी झालं आहे. त्या वेळी टाळूवर तेल थापण्यात वेळ घालवू नका. अंगावरचं दूध पुन्हा पुन्हा पाजत राहा, जुलाब असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ओआरएस द्या आणि त्याच दिवशी दाखवा.

टाळू भरण्याबद्दल मला अनेक घरांतून विचारतात. तेलाचे चार थेंब हलक्या हातानं लावण्यात माझा आक्षेप नाही. आजीचा तो हात बाळाला हवासाही वाटतो. पण तेलानं टाळू लवकर भरते हा समज खरा नाही. टाळू भरते ती हाडाची कड वाढून, आतून. डोकं गोल व्हावं म्हणून तळव्यांनी दाबणं आणि मोहरीच्या उशीवर निजवणं मात्र बंद करा. वर्षाच्या आतल्या बाळाला उशी नकोच, श्वास कोंडण्याचा धोका असतो. एकाच कुशीवर मान ठेवून डोकं एका बाजूनं चपटं झालं असेल तर बाळ जागं असताना, तुम्ही समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा वेळ पालथं घाला आणि पाळण्यातली त्याची दिशा बदलत राहा. झोपताना मात्र पाठीवरच.

डोक्याचा घेर मोजायची सवय मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. न ताणली जाणारी टेप घ्या. पुढे भुवयांच्या वरून, बाजूनं कानांच्या वरून, मागे डोकं सगळ्यांत बाहेर आलेलं असतं तिथून फिरवा. तीनदा मोजा आणि सगळ्यांत मोठा आकडा तारखेसह लिहून ठेवा. नवजात बाळाचा घेर ३४-३५ सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि पहिल्या वर्षात तो साधारण ११-१२ सेंटिमीटर वाढतो. त्यातली जवळपास निम्मी वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते. म्हणून एका मोजणीपेक्षा ओळीनं घेतलेल्या चार-पाच मोजण्या डॉक्टरांना जास्त सांगून जातात.

शिवणीच्या रेषेवर हाडाचा टणक उंचवटा लागतो, तो जन्मानंतरच्या काही आठवड्यांतही जात नाही आणि डोकं दिवसेंदिवस लांबुळकं किंवा तिरपं होत जातं, असं दिसलं तर एखादी शिवण वेळेआधी हाडानं भरून गेल्याची शंका घ्यावी. अंदाजे दोन-अडीच हजार बाळांमागे एकाला हे होतं. यावर चांगली शस्त्रक्रिया आहे, पण ती पहिल्या वर्षात, काही प्रकारांत तर पहिल्या सहा महिन्यांतच करायची असते. 'मोठं झालं की डोकं सुधारेल' म्हणत थांबलं तर ती वेळ हातची जाते. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला आवर्जून दाखवा.

मोठ्या माणसांच्या शिवणी करवतीच्या दात्यांसारख्या एकमेकींत घट्ट अडकलेल्या असतात आणि विशीनंतर हळूहळू भरू लागतात. डोकं चोळून बरं वाटतं ते कातडीला आणि स्नायूंना. त्यानं हाडं जागची हलत नाहीत.

पडलेला दात : पहिला अर्धा तास

दात हाडाला चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या चौथ्या हिश्श्याएवढा तंतूंचा पडदा असतो, त्या तंतूंवर दात झोळीत ठेवल्यासारखा टांगलेला असतो. सुपारीचा तुकडा फोडताना जो दाब बसतो तो हे तंतू झेलतात. दातांना तारा बांधून ते सरकवता येतात, तेही या पडद्यामुळेच.

माझा भाचा अकरा वर्षांचा असताना भातकापणी झालेल्या मळ्यात क्रिकेट खेळत होता. चेंडू उसळला आणि वरचा पुढचा दात मुळासकट खाली पडला. घरच्यांनी प्रेमापोटीच तो नळाखाली चांगला घासून स्वच्छ केला, कोरड्या रुमालात गुंडाळला आणि दंतवैद्याकडे पोचायला तीन तास लागले. त्या घासण्यानं आणि कोरडं पडल्यानं मुळावरचा तो नाजूक पडदा मेला. दात परत बसवला, पण तंतूंऐवजी हाडच त्याला येऊन चिकटलं. जबडा वाढत गेला, शेजारचे दात खाली आले आणि हा एकटा वरच राहिला. आज तो हसताना ओठ मिटून हसतो. मी त्या दिवशी गावात नव्हते. असते तर काय केलं असतं, ते सांगते.

आधी मुलाला बसवा. तो शुद्धीवर आहे ना, ओकत नाही ना, हे पाहा. डोक्याला जबर मार असेल तर दात नंतर, रुग्णालय आधी. मग दात शोधा आणि तो दुधाचा की कायमचा ते ठरवा. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पुढचे दात दुधाचे असतात. दुधाचा दात कधीही परत बसवू नका, खालच्या कायमच्या दाताला इजा होते. कायमचा असेल तर चावायच्या, पांढऱ्या बाजूनंच धरा, मुळाला बोट लावू नका. माती लागली असेल तर थंड दुधात किंवा वाहत्या पाण्यात दहाएक सेकंद नुसता धरा. घासायचा नाही, साबण नाही, मीठ-हळद नाही. शेजारच्या दाताकडे पाहून पुढची बाजू पुढे ठेवून तो खळग्यात अलगद बसवा आणि मुलाला स्वच्छ कापडावर हलकेच दात दाबून धरायला सांगा. हे जमलं तर यासारखं दुसरं काही नाही.

मुलगा घाबरला किंवा तुमचा हात थरथरला, तर दात थंड दुधाच्या पेल्यात टाका. आपल्याकडे वाडीतल्या कुठल्या ना कुठल्या घरात दूध मिळतंच. शहाळं हाताशी असतं म्हणून लोक त्याचा विचार करतात, पण त्याचं पाणी आंबटसर असतं, माझ्या मते दूध असताना त्याच्या वाटेला जाऊ नये. दूध नसेल तर मुलाची लाळ एखाद्या वाटीत घेऊन त्यात ठेवा. साधं पाणी साठवणीला वाईट, कोरडा रुमाल सगळ्यांत वाईट. अर्ध्या तासात दंतवैद्याकडे पोचलात तर दात जगण्याची आशा चांगली. कोरडा राहून तास उलटला की पडद्याच्या बहुतेक पेशी गेलेल्या असतात. तरीही दात टाकून देऊ नका, घेऊन जा. दंतवैद्य लवचीक तारेनं तो साधारण दोन आठवडे शेजारच्या दातांना बांधतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल आठवणीनं विचारा.

दात न पडताही हा सांधा हळूहळू सुटतो. हिरड्यांचा आजार त्या तंतूंना कुरतडत जातो. मिश्री लावल्यावर हिरड्या बधिर होतात, रक्त कमी दिसतं आणि आजार आत वाढत राहतो. कोकणातल्या कितीतरी बायकांचे किडही न लागलेले दात असे हलून पडलेले मी पाहिले आहेत, आणि दर वेळी वाईट वाटतं. मिश्री सोडा, मऊ ब्रश वापरा, वर्षातून एकदा हिरड्या दाखवा.

कोलॅजन नीट विणलं जायला क जीवनसत्त्व लागतं. जुन्या काळी लांबच्या सफरीवरच्या खलाशांच्या हिरड्यांतून रक्त येई, दात हलत, भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या वैद्यानं अशा बारा खलाशांच्या सहा जोड्या करून वेगवेगळे उपाय दिले. ज्यांना रोज संत्री आणि लिंबू मिळालं ते सगळ्यांत लवकर उठून उभे राहिले. आपल्याकडे पेरू आहे, आवळा आहे, आणि उन्हाळ्यात झाडाखाली सडा पडतो ते काजूचं बोंड आहे. त्यात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असतं. बी काढून बोंड फेकून देतात ते पाहून माझा जीव तुटतो. फोडी करून मीठ लावून मुलांना द्या.

घोट्याच्या वरची मुरगळ

हातात कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडांमध्ये एक तंतूंचा पडदा ताणून बसवलेला आहे. तळहात उपडा-उताणा करताना एक हाड दुसऱ्याभोवती फिरतं आणि हा पडदा दोघांना धरून ठेवतो. त्याला एकट्याला इजा क्वचितच होते, म्हणून पायाकडे वळू.

पायातही असाच पडदा आहे आणि तो घोट्याशी येऊन जाड बंधांत संपतो. हे बंध नडगीचं जाड हाड आणि बाहेरचं बारीक हाड यांना चिमट्यासारखं धरतात आणि त्या चिमट्यात पावलाचं वरचं हाड बसतं. नेहमीच्या मुरगळीत पाऊल आत वळतं आणि घोट्याखालचे बंध दुखावतात. पाऊल रुतून अंग फिरलं की मात्र हा वरचा चिमटा उसवतो. शेवाळलेली पाखाडी, चिखलातली लावणी, शिमग्यात खांद्यावर पालखी घेऊन गिरकी घेणं, सगळीकडे हाच प्रकार.

तपासणी अशी करा. माणसाला खुर्चीवर बसवा, गुडघा काटकोनात. बाहेरच्या घोट्याच्या हाडावर बोट ठेवा. तिथून पुढच्या बाजूनं, किंचित वर आणि आत सरकवा, दोन हाडांमधली खाच लागेल. तिथे दाबून कळ आली तर पहिली खूण. मग पोटरीच्या मध्यावर दोन्ही बाजूंनी तळव्यांनी हाडं एकमेकांकडे दाबा. दुखणं खाली घोट्यात उमटलं तर दुसरी. नडगी एका हातानं स्थिर धरून दुसऱ्या हातानं पाऊल हलकेच बाहेर फिरवा, घोट्याच्या वर दुखलं तर तिसरी. तिसरी चाचणी जोर लावून किंवा पुन्हा पुन्हा करू नका. पाऊल वाकडं दिसत असेल, बधिर किंवा गार पडलं असेल तर यातलं काहीही न करता लाकडी पट्ट्यांचा आधार देऊन थेट रुग्णालयात न्या. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्हीपैकी एका हाडाच्या मागच्या कडेवर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे हवाच.

पहिले दोन-तीन दिवस पायावर भार नको. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. बोटांकडून पोटरीकडे क्रेप बँडेज, बोटं निळी पडतील इतकं घट्ट नाही. झोपताना पाय उशीवर. गरम शेक, तेल, चोळणं आणि 'पाय ओढून जागेवर बसवणं' यातलं काहीही करू नका. सुटू पाहणाऱ्या तंतूंना त्यानं आणखी ताण बसतो आणि सूज वाढते. चालावंच लागलं तर कुबड्या. नंतर एकच काठी घ्यायची झाली तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात.

डॉक्टरांना 'दुखणं घोट्याच्या वर आहे' हे स्पष्ट शब्दांत सांगा. झोपून काढलेल्या एक्स-रेत चिमट्याचं अंतर नेहमीसारखंही दिसू शकतं. सोसवत असेल तर उभं राहून दोन्ही घोट्यांचा एक्स-रे काढतात, गरज पडली तर एमआरआय. हाडं एकमेकांपासून लांब गेली असतील तर स्क्रू किंवा मजबूत दोरा घालून ती पुन्हा जवळ आणावी लागतात. तसं नसेल तर घोटा धरून ठेवणारा खास बूट किंवा प्लास्टर. साधी मुरगळ दोन-तीन आठवड्यांत चालती होते. याला सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर चौथ्या आठवड्यात 'अजून कसा बरा नाही' म्हणून पुन्हा तेलाची बाटली निघते.

भार टाकायची परवानगी मिळाली की सपाट जमिनीवर थोडं चालणं. पुळणीवर चालायला लोकांना आवडतं, पण तिला समुद्राकडे उतार असतो आणि पाऊल तिरपं पडतं, सुरुवातीला टाळा. मग भिंतीला धरून दोन्ही टाचा उचलणं, जमलं की एकच टाच, मग एका पायावर अर्धा मिनिट तोल.

उकिडवं बसणं सगळ्यांत शेवटी. पावलाचं ते वरचं हाड पुढच्या बाजूला जास्त रुंद असतं. उकिडवं बसताना पाऊल वर वाकतं, ती रुंद बाजू चिमट्यात शिरते आणि तो फाकवू पाहते. पाखाडी चढतानाही थोडं तेच होतं. आपली निम्मी कामं उकिडवं बसून होतात, लावणी, मासे साफ करणं, शौचाला बसणं, म्हणून बरा होत आलेला घोटा इथेच पुन्हा उसवतो. कमोड नसेल तर मधे भोक पाडलेली खुर्ची वापरा आणि कामाला उंच बसणं घ्या.

मावशीला मी आधी एक्स-रेला पाठवलं. हाडं लांब गेली नव्हती, बुटावर भागलं. तेरा आठवड्यांनी ती पुन्हा बाजारात बसली, पण दीड फूट उंचीच्या लाकडी स्टुलावर, पुढे विळी टेबलावर मांडून. शेजारच्या दोघींनीही आता तसंच स्टूल करून घेतलं आहे.